ऑगस्टमधली क्रमवारी, डिसेंबरमधला निकाल: कॉलेज फुटबॉल संघाचा येणारा हंगाम कसा जोखावा

ऑगस्ट 2024 मध्ये असोसिएटेड प्रेसच्या हंगामपूर्व क्रमवारीत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ दहाव्या क्रमांकावर होता. अ‍ॅटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनीही विजेतेपदासाठी त्याच संघाला पहिली पसंती दिली होती, आणि ते अगदी निराधार नव्हते, कारण आदल्या वर्षी या संघाने नियमित हंगामातले 12 आणि कॉन्फरन्सचा अंतिम सामना असे तेराच्या तेरा सामने जिंकले होते. डिसेंबर उजाडला तेव्हा त्याच संघाच्या नावावर दोन विजय आणि दहा पराभव होते. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेन कॉन्फरन्सच्या 18 संघांत इंडियाना विद्यापीठाला पत्रकारांनी 17 वे स्थान दिले होते, तर बिग 12 कॉन्फरन्सच्या 16 संघांत अ‍ॅरिझोना स्टेटला शेवटचे. इंडियानाने त्या हंगामात 11 सामने जिंकले, आणि अ‍ॅरिझोना स्टेटने अंतिम सामन्यात आयोवा स्टेटला 45-19 असे हरवून थेट विजेतेपदच मिळवले.

अंदाज बांधणारी मंडळी वर्षानुवर्षे हा खेळ पाहणारी आहेत, तरीही इतकी मोठी चूक होते, कारण हंगामापूर्वी संघ जोखताना आपली नजर आपसूक गेल्या वर्षीच्या निकालाकडे जाते. माझ्या मते त्या निकालाला सर्वांत कमी वजन द्यायला हवे. मैदानावर प्रत्यक्ष कोण उतरणार आहे, त्यांना शिकवणारे कोण आहेत आणि सामने कोणत्या क्रमाने येणार आहेत, हे आधी पाहावे लागते. महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकायला जाणारी अनेक मुले ऑगस्टमध्येच विद्यापीठात पोहोचतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना सगळा परिसर संघाच्या रंगात न्हालेला दिसतो. ज्यांना या उत्साहात मनापासून सामील व्हायचे आहे, त्यांना हा विचार उपयोगी पडेल.

आधी खेळाची आवश्यक तेवढी ओळख करून घेऊ. हा अमेरिकन फुटबॉल आहे. दोन्ही बाजूंना 11 खेळाडू असतात, आणि आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. आक्रमणाचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे, त्यामुळे एका संघात प्रत्यक्षात दोन संघ असतात. नियमित हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो आणि त्यात प्रत्येक संघ साधारणपणे 12 सामने खेळतो. सहा विजय मिळाले की हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यासाठी संघ पात्र ठरतो, आणि 2024 पासून सर्वोत्तम 12 संघांमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी होते. त्याआधी ती फक्त चार संघांची होती. सर्वोच्च विभागात 2024 मध्ये 134 संघ होते. इतके संघ आणि प्रत्येकाचे जेमतेम 12 सामने, त्यामुळे बहुतेक संघ एकमेकांशी कधी खेळतच नाहीत, आणि दोन चेंडूंची उसळी इकडची तिकडे झाली तरी दहा विजयांचा हंगाम आठवर येऊ शकतो.

असोसिएटेड प्रेसची क्रमवारी सुमारे 60 पत्रकारांच्या मतांवर ठरते. प्रत्येक जण आपल्या पसंतीचे 25 संघ क्रमाने लिहितो, पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 24 आणि शेवटच्याला एक, आणि सगळ्यांची बेरीज होते. ऑगस्टमध्ये मत देताना त्या वर्षीचा एकही सामना झालेला नसतो. साहजिकच आदला हंगाम संपताना, जानेवारीत, जे डोळ्यांसमोर राहिले, तेच मतपत्रिकेवर उतरते. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा संघ 2022 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथे जॉर्जियाकडून 65-7 असा हरला, तरी 2023 च्या हंगामपूर्व क्रमवारीत तो 17 वा होता. तोपर्यंत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि आक्रमण चालवणारा खेळाडू, मॅक्स डगन संघ सोडून गेला होता, आणि आक्रमणाची आखणी करणारे प्रशिक्षक गॅरेट रायली क्लेमसनला रुजू झाले होते. त्या वर्षी संघाने पाच सामने जिंकले आणि सात गमावले. गणवेश आणि मैदान तेच होते, प्रमुख माणसे मात्र बदलली होती.

म्हणून पहिला प्रश्न असा, की कोण परत येणार आहे? व्यावसायिक खेळात चांगला खेळाडू दहा वर्षे एका संघात राहू शकतो. कॉलेजात ती सोय नाही. वर्षानुवर्षे चालत आलेल्या नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांच्या कालावधीत चार हंगाम खेळता येतात, आणि शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाली की तो व्यावसायिक लीगच्या निवडीसाठी नाव देऊ शकतो. याचा अर्थ संघ जितका यशस्वी, तितके त्याचे चांगले खेळाडू एकदम बाहेर पडण्याची शक्यता जास्त. फ्लोरिडा स्टेटचे नेमके हेच झाले. एप्रिल 2024 च्या व्यावसायिक निवडीत त्या एका संघाचे दहा खेळाडू घेतले गेले: बचाव फळीतला जॅरेड व्हर्स पहिल्या फेरीत, झेल घेणारा कीऑन कोलमन आणि बचाव फळीतलाच ब्रेडन फिस्क दुसऱ्या फेरीत, चेंडू घेऊन धावणारा ट्रे बेन्सन तिसऱ्या फेरीत, आणि ज्याच्याभोवती सगळे आक्रमण फिरत होते तो क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस पाचव्या फेरीत.

या खेळाडूंशिवाय संघ कसा दिसेल, याची झलक हंगामाआधी आठ महिने मिळाली होती. ट्रॅव्हिसचा पाय 18 नोव्हेंबर 2023 रोजी नॉर्थ अलाबामाविरुद्ध मोडला. पुढचे सामने संघाने बचावाच्या जोरावर जिंकले, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात लुइव्हिलला 16-6 असे नमवले, आणि तरीही निवड समितीने त्याला चार संघांच्या बाद फेरीत घेतले नाही. प्रमुख कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर ठेवला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या मुलांवर झालेला तो अन्याय मला आजही खुपतो. पण त्यानंतरच्या ऑरेंज बोल सामन्यात व्यावसायिक खेळाकडे निघालेले अनेक खेळाडू उतरले नाहीत, आणि जॉर्जियाने संघाला 63-3 असे चिरडले. लोकांनी तो निकाल मनातून काढून टाकला, कारण ‘खरा संघ’ खेळलाच नव्हता. वस्तुस्थिती अशी होती, की जो संघ त्या दिवशी खेळला त्यातलेच बरेच जण पुढच्या ऑगस्टमध्ये मैदानात उतरणार होते आणि जे खेळले नाहीत ते परत येणार नव्हते.

गेलेल्यांच्या जागा भरण्याचा मार्ग गेल्या काही वर्षांत पार बदलला आहे. पूर्वी शाळेतून मुले निवडायची, दोन-तीन वर्षे घडवायची आणि मग खेळवायची. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची सामाईक नोंदवही, सुरू झाले. 2021 मध्ये एकदा विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, आणि 2024 मध्ये अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा बदल करण्याची मोकळीक मिळाली. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि छायाचित्राच्या वापरातून पैसे कमावता येऊ लागले, तर 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे थेट खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. परिणामी, डिसेंबरमधली खेळाडूंची यादी आणि ऑगस्टमधली यादी यांत आता कधी कधी निम्मा फरक असतो.

बाहेरून आलेला खेळाडू संघात बसेल की नाही, हे कागदावर कळणे अवघड असते. फ्लोरिडा स्टेटने क्वार्टरबॅक म्हणून डीजे उइआंगलेले याला आणले. आधी क्लेमसन, मग ऑरेगन स्टेट आणि आता हे तिसरे विद्यापीठ. अनुभव भरपूर, पण खेळण्याची पद्धत ट्रॅव्हिसहून वेगळी. ट्रॅव्हिस अंगावर येणाऱ्या बचावपटूंना चकवून निसटायचा आणि पुढच्या फळीच्या चुका झाकायचा. नव्या क्वार्टरबॅककडे ती चपळाई नव्हती, त्यामुळे त्या चुका उघड्या पडल्या, आणि ऑक्टोबरमध्ये दुखापतीमुळे तो बाहेर राहिल्यावर तर आधारच उरला नाही.

इंडियानाकडे कागदावर याहूनही जास्त उलथापालथ दिसत होती. 2023 मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव, मग नवे मुख्य प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आणि जवळजवळ सगळा नवा संघ. पण सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले ते एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर तिथले 13 खेळाडू आले, आक्रमणाचे प्रशिक्षक माइक शॅनहन आले आणि बचावाचे ब्रायंट हेन्सही आले. या मंडळींनी एकत्र सामने जिंकले होते, एकमेकांचे इशारे त्यांना पाठ होते, आणि त्याच पद्धतीत बसणारा अनुभवी क्वार्टरबॅक कर्टिस रॉर्क त्यांनी ओहायो विद्यापीठातून घेतला. म्हणजे जिथे सगळ्यांना नवखेपणा दिसत होता, तिथे प्रत्यक्षात जुने, मुरलेले एकक जागा बदलून आले होते. माझ्या मते त्या वर्षीच्या अंदाजांतली ही सर्वांत शिकण्यासारखी चूक आहे: ‘किती खेळाडू परत आले’ एवढेच मोजले, ‘किती जण एकत्र खेळलेले आहेत’ हे कोणी मोजले नाही.

यानंतर पाहावी ती ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहणारे पाच धिप्पाड खेळाडू. दहीहंडीत सगळ्यांची नजर वर चढणाऱ्या गोविंदावर असते, पण थर टिकतो तो तळाच्या खांद्यांवर. या पाच जणांचे काम तसेच असते. चेंडू त्यांच्या हातात क्वचितच येतो, गुणफलकावर त्यांचे नाव नसते, आणि म्हणूनच हंगामपूर्व चर्चेत त्यांना सर्वांत कमी जागा मिळते. फ्लोरिडा स्टेटच्या या फळीत 2024 मध्ये अनुभवी मुलांची कमतरता नव्हती, पण अनुभव आणि ताकद एकच नव्हे. हंगामाचा पहिला सामना 24 ऑगस्टला डब्लिनमध्ये जॉर्जिया टेकविरुद्ध झाला. स्कोअर 21-21 असताना जॉर्जिया टेकने शांतपणे चेंडू पळवत वेळ खाल्ला आणि अगदी शेवटच्या क्षणी 44 यार्डांवरून फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) मारून सामना 24-21 असा जिंकला. फरक फक्त तीन गुणांचा, पण दोन्ही बाजूंच्या पुढच्या फळ्यांची झुंज ज्याने पाहिली त्याला वरचढ कोण होते हे सांगावे लागले नसते. त्या दिवशीचे 21 गुण हा फ्लोरिडा स्टेटचा सर्वोच्च विभागातल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा संपूर्ण हंगामातला उच्चांक ठरला. बारा सामन्यांत मिळून 185 गुण झाले, म्हणजे सामन्यामागे सरासरी 15.4, आणि त्यांतले 41 गुण खालच्या विभागातल्या चार्ल्स्टन सदर्नविरुद्धचे होते.

आता नशिबाचा भाग. हा शब्द खेळाच्या चर्चेत अनेकांना आवडत नाही, पण तो टाळून चालत नाही. मैदानावर निसटून पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे बहुतांशी योगायोगावर असते, आणि एका टचडाउनच्या (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याच्या) आत, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेले सामने वर्षानुवर्षे एकाच संघाच्या बाजूने झुकत नाहीत. टेक्सास ख्रिश्चनने 2022 मध्ये बेलरला 29-28 असे हरवले ते असे: शेवटचे सेकंद सरत होते, घड्याळ थांबवण्याची सोय उरली नव्हती, फील्ड गोल मारणारी तुकडी धावत मैदानात आली, कशीबशी जागेवर उभी राहिली, आणि 40 यार्डांवरून मारलेला चेंडू वेळ संपताना खांबांमधून गेला. ती तयारी कौतुकास्पदच होती. पण असे चार-पाच विजय असलेला संघ पुढच्या वर्षी तितकेच सामने जिंकेल असे धरणे धोक्याचे असते.

उलट दिशेने मात्र घाई करू नये. नेब्रास्का 2021 मध्ये तीन जिंकला आणि नऊ हरला, पण नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांचे होते, आणि वर्षभराचा गुणफरक चक्क 63 ने त्याच्या बाजूने होता. ‘पुढच्या वर्षी नशीब फिरणार’ असे तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटले. जरा जवळून हिशेब केला तर दिसते, की तीन विजयांतून 119 गुणांची आघाडी आली होती आणि नऊ पराभवांत मिळून 56 गुण गेले होते. त्या तीन विजयांपैकी एक खालच्या विभागातल्या फोर्डहॅमविरुद्ध होता. शेवटच्या क्षणी चूक करण्याची सवय हा निव्वळ योगायोग नसतो, कधी कधी तो प्रशिक्षणाचा दोष असतो. 2022 मध्ये नेब्रास्का चारच सामने जिंकला आणि मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना सप्टेंबरमध्येच जावे लागले.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात सांगता येईल, पण ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. बिग टेनमध्ये 18 संघ आहेत आणि प्रत्येक संघ कॉन्फरन्समधले नऊच सामने खेळतो, त्यामुळे आठ संघांशी गाठच पडत नाही. इंडियानाच्या वाट्याला 2024 च्या नियमित हंगामात ऑरेगन आणि पेन स्टेट आलेच नाहीत. ज्या खरोखर बलाढ्य संघाशी गाठ पडली त्या ओहायो स्टेटकडून तो 38-15 असा हरला. यामुळे त्या 11 विजयांची किंमत कमी होत नाही, मात्र पुढच्या वर्षीचा अंदाज बांधताना आधी यादी उघडून पाहावी: कोण घरी, कोण बाहेर, लागोपाठ अवघड सामने कोणते, विश्रांतीचा आठवडा कुठे.

हे सगळे घटक गणितात बसवण्याचे प्रयत्न झाले आहेत. ईएसपीएनचे बिल कॉनेली यांची एसपी+ ही पद्धत हंगामापूर्वी तीन गोष्टींकडे पाहते: परत येणाऱ्या आणि बाहेरून आलेल्या खेळाडूंचे मागचे योगदान, अलीकडच्या वर्षांत शाळांमधून निवडलेल्या मुलांचा दर्जा आणि संघाची गेल्या काही वर्षांतली कामगिरी. यातली दुसरी गोष्ट दीर्घकाळ फार भरवशाची मानली गेली. शाळेतल्या खेळावरून पाचपैकी चार किंवा पाच तारे असे मानांकन मिळालेली मुले निम्म्याहून अधिक असल्याशिवाय राष्ट्रीय विजेतेपद मिळत नाही, असे गेल्या काही वर्षांचे निरीक्षण होते. 2025 च्या हंगामात इंडियानाने ते मोडीत काढले. कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाईझमन पुरस्काराचा मानकरी ठरला, आणि ऑगस्टमध्ये विसाव्या क्रमांकावर असलेला हा संघ सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. शाळेतल्या सतरा वर्षांच्या मुलाला मिळालेल्या ताऱ्यांपेक्षा तेवीस वर्षांच्या खेळाडूने प्रत्यक्ष काय केले आहे, याला पोर्टलच्या काळात जास्त वजन आले आहे. हा बदल मला मनापासून आनंद देतो, कारण वर्षानुवर्षे हरणाऱ्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना आता खरी आशा धरता येते.

त्याच वर्षी अ‍ॅरिझोना स्टेट मात्र उलट्या बाजूला उभा होता. आदल्या वर्षी पत्रकारांनी शेवटचे स्थान दिलेला हा संघ 2025 च्या हंगामपूर्व राष्ट्रीय क्रमवारीत अकरावा होता. 2024 मध्ये 1,711 यार्ड धावणारा कॅम स्कॅटेबो व्यावसायिक खेळात गेला होता. क्वार्टरबॅक सॅम लेव्हिट पायाच्या दुखापतीमुळे हंगाम पूर्ण करू शकला नाही, आणि संघाने आठ विजय व पाच पराभवांवर वर्ष संपवले. पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक पडला तर त्याच्या जागी कोण, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक संघाबाबत आधी विचारावा. ऑगस्टमध्ये त्याचे उत्तर ऐकायला कोणाला आवडत नाही, ऑक्टोबरमध्ये अनेकांना त्याचीच गरज पडते.

फ्लोरिडा स्टेटने 2024 चा हंगाम संपण्यापूर्वीच, नोव्हेंबरमध्ये नोटर डेमकडून 52-3 असा पराभव झाल्यावर, आक्रमण आणि बचाव या दोन्हींचे प्रमुख प्रशिक्षक बदलले. मुख्य प्रशिक्षक माइक नॉर्व्हेल राहिले, आक्रमणाची सूत्रे गस माल्झान यांच्याकडे आली, बचाव टोनी व्हाइट यांच्याकडे गेला आणि क्वार्टरबॅक म्हणून बॉस्टन कॉलेजचा टॉमी कॅस्टेलानोस आला. 2025 च्या पहिल्याच सामन्यात, 30 ऑगस्टला, या संघाने आठव्या क्रमांकावरच्या अलाबामाला 31-17 असे हरवले आणि विद्यार्थी मैदानात धावत आले. सप्टेंबरअखेर व्हर्जिनियाने जादा वेळेत 46-38 असे हरवले, त्यानंतर मायामी, पिट्सबर्ग आणि स्टॅनफर्ड यांच्याविरुद्धही सामने गेले, आणि हंगाम पाच विजय व सात पराभवांवर थांबला. एका सामन्यावरून संघाचे वर्ष ठरवू नये, तो सामना कितीही मोठा असला तरी. पहिले तीन-चार सामने होईपर्यंत गुणफलकाइतकेच लक्ष प्रत्येक प्रयत्नात पुढची फळी किती सरकते आणि तिसऱ्या प्रयत्नाला किती यार्ड उरतात याकडे द्यावे. सातत्याने दोन-तीन यार्ड उरत असतील तर संघ हरत असतानाही सुधारत असतो, आणि आठ-दहा उरत असतील तर जिंकत असतानाही पुढे अडचण आहे असे समजावे.